नारळाचं चाक

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी गाडी आली. गाडीही साधीसुधी नव्हे. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी जपानी गाडी. तिचे पुढचे दिवे झाकण उघडून वर यायचे आणि गल्लीतली सगळी पोरं ते बघायला थांबायची. अप्पा एका कॉफीच्या मळेवाल्यांकडे ड्रायव्हर होते. साहेबांनी ही गाडी हौसेनं बोटीनं मागवली होती, पण ती स्वतः चालवण्यापेक्षा अप्पांच्या शेजारी बसून फिरण्यात त्यांना जास्त मजा वाटायची. साहेब गेले. बाईसाहेब मुलाकडे परदेशात राहायला निघाल्या आणि जाताना गाडी अप्पांच्या नावावर करून गेल्या. ओळखीतले लोक म्हणाले, यापेक्षा एखादा जागेचा तुकडा दिला असता तर बरं झालं असतं. अप्पांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की मला हवं होतं तेच मिळालं. बेंगळुरूच्या कडेला, येलहंक्यात, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणारा निपाणीकडचा माणूस, आणि त्याच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली असली गाडी.

घरात आम्ही चौघं. अप्पा, आई, अप्पांची थोरली बहीण गोदाक्का आणि मी. गोदाक्का लवकर विधवा झाली आणि तेव्हापासून आमच्याकडेच होती. देव्हारा तिचा, चूल तिची, आणि बोलायची पहिली पाळीही तिचीच. आमची मराठी पुण्याच्या माणसानं ऐकली असती तर त्यानं मान वाकडी केली असती. ‘स्वल्प मीठ घाल’, ‘सरी, जा आता’ यातलं स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, हे कानडी आहे असं आम्हाला वाटतच नव्हतं. सकाळ व्हायची ती गोदाक्काच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. मग रेल्वेच्या जंक्शनवर डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज, आणि नऊच्या सुमाराला डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं. विमान गेलं की ताटं थरथरायची आणि गोदाक्का बोलता बोलता थांबायची, आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. ताटात भाकरी, शेंगांची चटणी, आणि आई कामाच्या घरांतून शिकून आलेलं सारू. ते पातळ सारू भाकरीवर ओतून खायचं. हे दोन प्रांत एका ताटात आहेत, हे मला फार पुढे कळलं.

मी दहावीत असताना अप्पांचा डावा हात गेला. एका सकाळी उठले आणि सदऱ्याचं बटण लागेना. पाय वाचले, बोलणं वाचलं, पण हातात जोर परत आला नाही आणि ड्रायव्हरकी सुटली. लाल गाडी शेडखाली उभी राहिली ती राहिलीच. तिला कुणी हलवलं नाही. अप्पा मात्र रोज संध्याकाळचा चहा तिच्यात बसून प्यायचे. दार उघडं, एक पाय बाहेर, कप डॅशबोर्डवर. आई चहा घेऊन सरळ शेडकडेच जायची.

आणि वर्षातून एकदा आयुधपूजा. बेंगळुरूत त्या दिवशी सायकलपासून बसपर्यंत सगळ्यांना हार घालतात, पण आमच्याकडे गोदाक्काची स्वतःची रीत होती. गाडीवर विहिरीच्या पाण्याच्या बादल्या ओतायच्या, चारही चाकांना हळदकुंकवाचं पाणी घालायचं, आणि मग नारळ. शेजारीपाजारी नारळ गाडीसमोर जमिनीवर आपटायचे. गोदाक्का तो पुढच्या उजव्या चाकाच्या मधोमध, नटांवर फोडायची आणि पाणी चाकाच्या फटीतून आत सोडायची. ‘पाजायचं असतं,’ म्हणायची. तिच्या माहेरी बैलगाडीच्या चाकाला असंच पाजायचे. मग चिरमुरे, डाळं आणि केळं वाटायचं. गाडी उभी राहिली तरी पूजा चुकली नाही. उलट चालत नाही म्हणून गोदाक्का जास्तच पाणी घालू लागली.

मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आले तेव्हा घरमालकांनी सांगितलं की दसरा झाला की अंगणात दोन खोल्या बांधणार, शेड मोकळी करून द्या. माणूस वाईट नव्हता, त्याची जागा होती. गल्लीत खाली मुनियप्पांचं गॅरेज होतं. मुनियप्पा अप्पांचे जुने दोस्त. ते म्हणाले, माझ्या आवारात चिंचेखाली उभी करा, मला अडचण नाही, पण चाकांवर आणा. पोरं जमवून आम्ही ढकलायला गेलो. गाडी हलली नाही. एकही चाक फिरलं नाही, टायर नुसते मातीत घासले. मग गुजरीवाला, म्हणजे आपला भंगारवाला, येऊन बघून गेला. त्यानं चाकांना एक लाथ घातली आणि सांगितलं की ही ओढून नेता येणार नाही, इथंच गॅसनं कापून तुकडे नेईन.

अप्पा म्हणाले, ‘ने म्हणावं.’ एवढंच म्हणाले आणि घरात गेले. त्या संध्याकाळी त्यांनी चहा ओट्यावर बसून घेतला, शेडकडे पाठ करून.

मी गुजरीवाल्याला निरोप धाडला की येऊ नकोस. कुणाला विचारलं नाही. माझ्या आधी आमच्या घराण्यात कॉलेजच्या फाटकातून आत गेलेला माणूस एकच, अप्पा, आणि तेही साहेबांच्या मुलाला सोडायला. मला त्यांनी शिकवलं ते हात गेल्यावर, आईनं चार घरची धुणीभांडी वाढवली तेव्हा. वर्गात मेकॅनिकलला मी एकटी मुलगी होते आणि त्याचं मला तेव्हाही कौतुक नव्हतं, आताही नाही. पण माझ्या अंगणात एक यंत्र उभं आहे, ते अडकलंय, आणि अप्पांच्या देखत ते कापून नेणार, हे मी बघत बसणार नव्हते. असल्या वेळी बसून रडणारी माणसं वेगळी.

गाडी का अडली हे समजायला फार शहाणपण लागत नाही. प्रत्येक चाकाच्या मागे लोखंडाची एक जाड चकती असते, तव्याएवढी. तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन गुटके तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. आमच्या गाडीत गुटके गंजून डिस्कला चिकटले होते. ते मी पहारीनं आणि घासलेटानं सोडवले, पण डिस्कवर गंजाचे असे पापुद्रे चढले होते की त्यांच्यावर ब्रेक पुन्हा लागला नसता, आणि आमच्या उताराच्या गल्लीत बिनब्रेकची गाडी कोण ढकलणार? त्या लेथवर घासून साफ करायला हव्या होत्या. कॉलेजच्या वर्कशॉपचे सर म्हणाले, सुट्या करून आण, मी घासून देतो. आणि सुट्या होणं हीच गोम होती. डिस्क नुसती चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे हबवर, टोपीसारखी बसवलेली असते. चाक काढलं की ती हातानं निघून यायला हवी. आमच्या चारही डिस्क हबला गंजून एकजीव झाल्या होत्या. कुठं हब संपतो आणि कुठं डिस्क सुरू होते ते दिसतसुद्धा नव्हतं.

मुनियप्पांनी येऊन मोठ्या हातोड्याचे चार घाव घातले. शेडवरचे कावळे उडाले, डिस्क तशीच. ‘बिडम्मा,’ म्हणाले, सोडून दे बाई. कापून काढू, नवी कुठून तरी बघू. नवी कुठून बघणार? त्या गाडीचा नट मिळायचीही मारामार होती. त्यांना ते माहीत होतं. माझं मन राखायला बोलत होते.

मी घासलेट आणि तारेचा ब्रश घेऊन पहिल्या डिस्कपुढे बसले, सकाळी कॉलेजच्या आधी आणि दुपारी आल्यावर उजेड असेपर्यंत. खरवडता खरवडता दोन बारीक भोकं दिसली, एकमेकांसमोर, गंजानं बुजलेली. मुनियप्पा म्हणाले, ती वजन सारखं करायची असतील. मी दाभणानं ती कोरली तर आत आटे होते. ज्या भोकात कुठला बोल्ट जात नाही त्याला कारखान्यानं आटे कशाला पाडले असतील? मी रात्रीच्या जेवणातही तेच घोळवत होते. कॉलेजनं मला काय दिलं असं लोक अजून विचारतात. हेच दिलं. ही वस्तू इथं का आहे, असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत उठायचं नाही. आट्याच्या भोकात बोल्ट फिरवला की तो पुढे सरकतो. पुढे हबचं सपाट लोखंड. बोल्टाला जायला जागा नाही म्हटल्यावर मागं कुणी सरकायचं? डिस्कनं. ज्यानं ती बनवली त्याला ठाऊक होतं की ती कधीतरी अडकणार, आणि त्यानं सोडवायची वाट आतच ठेवली होती.

आज नव्या पोरांना मी हे सांगते तेव्हा ती म्हणतात, मॅडम, हे तर व्हिडिओत असतं. असतं. तेव्हा नव्हतं.

दोन बोल्ट घेतले, एकाला थोडं फिरवायचं, मग दुसऱ्याला तेवढंच, मग हातोडीनं कडेनं टकटक, परत बोल्ट. घाई केली की एक बाजू पुढे जाते आणि डिस्क तिरकी अडकते. मागची डावी पहिली सुटली. पोह्याच्या घट्ट डब्याचं झाकण उघडावं तसा आवाज झाला आणि ती घमेल्यात पडली. आई भांडी टाकून बाहेर आली, काय फुटलं म्हणून. मागची उजवी आली, मग पुढची डावी आली. मुनियप्पा रोज जाता-येता डोकावू लागले. आधी हसायला, मग बघायला, आणि शेवटी स्वतःचा पाना घेऊन.

पुढची उजवी मात्र येईना. घासलेट मुरवलं, डिझेल मुरवलं, मुनियप्पांनी ब्लोलॅम्प आणला आणि आईनं तो पेट्रोलच्या गाडीपासून लांब ठेवा म्हणून आकांत केला, तेव्हा टाकी रिकामी असल्याचं तिला उघडून दाखवावं लागलं. तापवली, गार केली, पुन्हा तापवली. बोल्ट पिळला तर डिस्कमधले आटेच निघून आले, भुशासारखे. मी ते तळहातावर घेऊन बसले होते. बाकीच्या तिघी त्याच वयाच्या, त्याच शेडमधल्या, त्याच पावसातल्या. हीच अशी का? मग मी हबच्या मधल्या खळग्यात बोट घालून पाहिलं. आत नुसता गंज नव्हता. काळपट, चिकट, खवटलेल्या खोबऱ्याच्या वासाची खळ बसली होती, थरावर थर.

घरात येऊन मी आईला हळू आवाजात सांगितलं. आमच्या घरात हळू सांगितलेलं गोदाक्काला आधी ऐकू यायचं. तिनं हातातलं पीठ झटकलं. देवाच्या पाण्यानं लोखंड सडतं असं कॉलेजात शिकवतात का, म्हणाली. मी म्हटलं, देवाचं असो की नळाचं, लोखंडाला काय कळतंय. त्यावर ती जे बोलली ते इथं लिहीत नाही. दोन दिवस तिनं मला ताट वाढलं पण माझ्याकडे बघितलं नाही.

आता वाटतं, तिची रीत चुकीची नव्हतीच. बैलगाडीचं चाक लाकडाचं असतं. उन्हात लाकूड आक्रसतं, वरची लोखंडी धाव ढिली होते, आणि पाणी पाजलं की लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते. तिच्या बापाआजानं चाकाला पाणी पाजलं ते समजून पाजलं. तिनं तीच माया उचलून लोखंडाच्या चाकाला लावली. चाक घट्ट बसलं, यात काही आश्चर्य नाही. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या दोन दिवसांत ते ऐकायला ती थांबली नसती.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आटे पाडायचा टॅप मागून आणला, त्याच भोकांत एक माप मोठे आटे पाडले आणि जाड बोल्ट लावले. डिस्क बाहेरच्या बाजूला वळलेली हवी होती म्हणजे मागून हातोडी मारता आली असती. मी अप्पांना हाक मारली. इतके दिवस ते ओट्यावरून बघत होते. ते येऊन गाडीत बसले आणि उजव्या एका हातानं त्यांनी स्टिअरिंग कडेपर्यंत वळवलं. गाडी जॅकवर होती तरी ते जड जात होतं. मग तिथंच धरून बसले. मी बोल्ट फिरवायची, मुनियप्पा मागून ठोकायचे, पुन्हा बोल्ट. पोटऱ्यांत गोळे आले. मधेच माझ्या शेजारी कुणीतरी बसलं. गोदाक्का. तिनं हळदीच्या पाण्याचा नव्हे, घासलेटाचा तांब्या आणला होता आणि मी बोट दाखवीन तिथं ती धार सोडू लागली.

‘पुरे म्हण, थांबते,’ ती म्हणाली. ‘मला काय कळतंय.’

दुपार कलली तेव्हा आवाज आला. झाकणाचा नव्हे, फटाक्याचा. डिस्क सुटून चाकाच्या बोल्टांवर लोंबत राहिली आणि हब पहिल्यांदा उघडा दिसला, काळा, ओला. मी तो हातानं फिरवला. तो फिरला. अप्पांनी काचेतून फक्त विचारलं, ‘आली?’

सरांनी चारही डिस्क घासून दिल्या, आरशासारख्या. गुटके नवे मिळाले नाहीत, मुनियप्पांनी दुसऱ्या गाडीचे घासून मापात आणले. रबरी वायसर बदलले. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला कुणीतरी आत बसून पेडल दाबायला हवं होतं. आई बसली. साडी खोचून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, जणू गाडी पळूनच जाणार आहे. मी खालून ‘दाब’ म्हणायची, ‘सोड’ म्हणायची. थोड्या वेळानं तिचा पाय असा बसला की मला सांगावं लागेना. एवढी वर्षं या गाडीला चहा पोचवला, म्हणाली, आत बसायचं आजच कळलं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी आम्ही ती बाहेर काढली. इंजिन बंदच होतं, ते पुढं कधीतरी बघायचं होतं. ढकलून मुनियप्पांच्या आवारात न्यायची, एवढंच. मी स्टिअरिंगवर बसणार होते. दार उघडायला गेले तर अप्पा आधीच आत बसलेले. आईनं माझ्याकडे बघितलं. मी मागं गेले आणि हात लावला. गाडी हलली. नुसती हलली नाही, चाकं अशी फिरली की मला पुढं झोकांडी गेली. आमची गल्ली मुनियप्पांच्या फाटकापासून पुढं उताराची आहे, थेट बसच्या रस्त्यापर्यंत. फाटक उघडं होतं, मुनियप्पा हात हलवत ‘इकडं, इकडं’ म्हणत उभे होते. अप्पांनी फाटकाकडे वळवली नाही. सरळ जाऊ दिली.

मी पळत सुटले. मागून मुनियप्पा, त्यांच्या मागं गोदाक्का देवाचं नाव घेत. गाडी आवाज न करता चालली होती, आणि वेग धरत होती. खाली बसचा रस्ता दिसत होता, त्यावरून एक लॉरी गेली. मी ‘अप्पा’ म्हणून ओरडले की नाही मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच की रस्ता चांगला पाचसहा हात राहिला असताना गाडीचं नाक खाली झुकलं आणि ती उभी राहिली. घसरली नाही, वाकडी झाली नाही.

मी धापा टाकत खिडकीशी पोचले. अप्पांचा उजवा हात स्टिअरिंगवर, डावा मांडीवर. चेहरा घामानं भिजलेला. मी विचारलं, फाटकात का नाही वळवली.

‘वळवली असती तर ती फिरते एवढंच कळलं असतं,’ ते म्हणाले. ‘थांबते का, ते बघायचं होतं.’ आणि मग, ‘उजवीकडं स्वल्प ओढते. बघ जरा.’

तोवर बाकीचे येऊन पोचले. आता गाडी चढावरून वर ढकलत न्यायची होती. मुनियप्पांनी शिव्या देत बाह्या सरसावल्या, आईनं पदर खोचला, गोदाक्कानंसुद्धा मागच्या दिव्यावर दोन्ही तळवे टेकले. चढ खडा होता आणि एक माणूस उतरला असता तर तेवढं वजन कमी झालं असतं. अप्पा उतरले नाहीत. आम्हीही कुणी त्यांना उतरा म्हटलं नाही.